खलाशी लाईन

सांगलीत समुद्र नाही.
तरी हरिपूरच्या वाटेला, चिंचांच्या मागं,
अकरा खोल्यांची एक दगडी ओळ आहे
आणि तिच्या कमानीवर नांगर कोरलाय.
पाथरवटाला नांगर ठाऊक तो शेतातलाच,
म्हणून त्याला फाळ आहे.
यासीन सारंगानं पाहिलं, म्हणे पोट धरून हसला,
म्हणाला, असू दे. साखळी तेवढी जोड.

हा सारंग मिरजेचा, सतारी करणाऱ्यांच्या घरातला.
भोपळ्यांत जीव रमेना म्हणून पळाला
आणि चाळीस वर्षं आगबोटीवर काढून
परतला तो थोडा पैसा आणि एक खोकला घेऊन.
बाकीचे परतायचे ते नुसता खोकला घेऊन.
त्यांच्यासाठी ह्या खोल्या. भाडं नाही.
नियम एकच, भिंतीवर चुन्यात:
वारा सुटला तर एकमेकांस उठवावे.

उंबरे मात्र गुडघाभर उंच,
जहाजात असतात तसे.
लोक हसले. म्हातारे अडखळले.
बंडू आगवाल्याचा खुबा तिथंच मोडला;
शिव्या त्यानं सगळ्या डॉक्टरला दिल्या,
उंबऱ्याला एकही नाही.

आई अकरा डबे करायची, मी पोचवायचो.
सातवीतला पास्कू भंडारी
झाकण काढून आधी हुंगायचा
आणि रोज एकच शब्द: मीठ.
चौथीतला नेमगोंडा सुकाणी दिवस मावळल्यावर जेवायचा नाही.
बोटीवर पंचाईत व्हायची का, मी विचारलं.
म्हणाला, एकदा उत्तरेला इतकं वर गेलो
की सूर्य मावळंचना.
तीन दिवस जेवत हुतो.

मग ते एकेक करून गेले.
ते कसे, ते मी लिहीत नाही.
डबे अकराचे सात झाले, सातांचे दोन,
आणि आईनं मोठं पातेलं माळ्यावर टाकलं.

त्या ऑगस्टात नेमगोंडा एकटाच उरला होता.
आयर्विन पुलाचा आकडा तासातासाला चढत होता,
पंचेचाळीस, सत्तेचाळीस,
अख्ख्या वाटेवर कंबरभर पाणी आणि
उंबऱ्याच्या आत अर्धा तास जमीन कोरडी.
अर्धाच तास. पण तो तिथं पाट टाकून बसला होता,
जिंकल्यासारखा.

लष्कराची बोट आली, पोरं विशीतली.
दोर त्यांनी चिंचेला कसाबसा गुंडाळला.
नेमगोंडानं गाठ सोडली,
आमच्याकडं बघत दुसरी मारली,
हाताकडं एकदाही न बघता.
बोटीत चढल्यावर पुढं बसा म्हटलं तर मागं जाऊन बसला.
त्या पोराला काय वाटलं कोण जाणे,
इंजिनाचा दांडा त्यानं म्हाताऱ्याच्या हातात दिला.

गणपती पेठेत पाणी पिवळं होतं.
वखारीतली हळद फुटून रस्ताभर पसरलेली,
दुकानांच्या पाट्या हाताला लागतील एवढ्या जवळ.
डावीकडं बँक, उजवीकडं तेलाचे डबे तरंगत,
आणि मधून नेमगोंडा,
मान ताठ, ओठ मिटलेले.
बोलला ते एवढंच:
पाणी गोडं हाय. गोड्यात बोट खाली बसती.

पुढच्या वळणावर पोरानं दांडा परत घेतला.

आज मी महापालिकेचा फीता घेऊन आलोय.
खोल्या अकरा. छप्पर: नाही.
सध्याचा वापर: एक शेळी, तिची दोन पिल्लं.
पिल्लांना उंबरा ओलांडता येत नाही,
ती आतूनच ओरडतात.
मी पाय उचलला तो न बघता,
डबा हातात असल्यासारखा.

साहेबांनी फोनवर विचारलं, कमानीवर काय आहे?
नांगर, म्हटलं.
शेतातला का समुद्रातला?
मी बराच वेळ वर बघत राहिलो.
मग रकान्यात लिहिलं:
फाळाचा. साखळीसह.